पोषणशिक्षणाचा पैसा वेगळा ठेवा : बेळगाव-निपाणी सीमाभागातील कष्टकरी स्त्रियांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, कर्नाटक राज्य
मा. महिला व बालविकास मंत्री, कर्नाटक राज्य
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, बेळगाव

विषय : अल्प उत्पन्न घरांसाठी पोषणशिक्षणाला स्वतंत्र आणि पुरेसा निधी मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील कष्टकरी स्त्रियांची संघटना आहोत. आमच्यात घरी विडी वळणाऱ्या आहेत, तंबाखूच्या वखारीत रोजंदारीवर जाणाऱ्या आहेत, वडगाव-शहापुरात मागांसाठी कांड्या भरणाऱ्या आहेत, उसात भांगलणीला जाणाऱ्या आहेत. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशा कार्यकर्त्याही आमच्याबरोबर आहेत. या मागणीपत्रातला बराच मजकूर त्यांच्याच कामातून आला आहे.

गरीब घरापर्यंत धान्य पोहोचवण्याची व्यवस्था सरकारने उभी केली आणि दोष असले तरी ती चालते. रेशनचे तांदूळ येतात, अंगणवाडीतून अंडे मिळते, शाळेत दूध मिळते. पण आलेले अन्न कोणी, केव्हा, किती आणि कशाबरोबर खावे हे घरात बसून, करून दाखवून सांगणारे माणूस आमच्या दारापर्यंत येत नाही. त्यासाठी सरकार पुरेसा पैसा ठेवत नाही, म्हणून ते येत नाही. तो पैसा ठेवावा, वेगळा ठेवावा आणि दुसरीकडे वळवू नये, ही आमची मुख्य मागणी आहे.

हे आम्ही नव्याने मागत आहोत असेही नाही. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यात सहा सेवा सांगितल्या होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि 15 ते 45 वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण. कर्नाटकात तिची सुरुवात म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरपासून झाली. पहिल्या पाच सेवांचे काही ना काही दृश्य रूप आज प्रत्येक गावात आहे. सहावी सेवा भिंतीवरच्या तक्त्यात आणि सप्टेंबरच्या पोषण माहातल्या कार्यक्रमात उरली आहे. राज्यघटनेचे 47 वे कलम लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे आद्य कर्तव्य मानते. ते कर्तव्य पोते उतरवून पुरे होत नाही.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) कर्नाटकात पाच वर्षांखालच्या 36.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. पाचव्या फेरीत (2019-21) हे प्रमाण 35.4 टक्के झाले, म्हणजे जवळजवळ होते तिथेच राहिले. मुलांमधला रक्तक्षय 60.9 वरून 65.5 टक्क्यांवर गेला आणि स्त्रियांमधला 44.8 वरून 47.8 वर. या मधल्या काळात राज्याच्या अन्नयोजना बंद नव्हत्या. रेशनची अन्नभाग्य आणि शाळेतल्या दुधाची क्षीरभाग्य या योजना 2013 पासून चालू होत्या, गरोदर व बाळंतिणींना अंगणवाडीत जेवण देणारी मातृपूर्ण योजना 2 ऑक्टोबर 2017 रोजी सुरू झाली होती. एवढे अन्न वाटूनही रक्त वाढले नाही, याचा सगळा दोष शिकवणीच्या अभावावर टाकणे बरोबर होणार नाही. जंत, अस्वच्छ पाणी, लवकर झालेली लग्ने, कमी मजुरी ही कारणे आहेतच. पण या कारणांवर निदान कागदोपत्री योजना आणि निधी आहेत. शिकवण्यावर ते नाममात्र आहेत.

आम्हाला सांगितले जाईल, आणि आमच्याच बैठकीत काही जणींनी सांगितलेही, की गरिबाला शिकवू नका, पोटाला द्या. या आक्षेपाचा आम्ही पूर्ण आदर करतो. गरीब बाई अडाणी म्हणून तिचे मूल रोडावते असे मानणाऱ्या पोषणशिक्षणाला आमचा विरोध आहे. मजुरी वाढवा, डाळ द्या, अंडी आठवडाभर द्या, यांतली एकही मागणी आम्ही सोडलेली नाही, आणि आज आम्ही मागतो तो पैसा आहाराच्या तरतुदीतून एक पैसाही कापून देऊ नये. तरीही केवळ अन्न पुरत नाही, हे आम्ही आमच्या घरांत पाहतो.

निपाणीच्या कोणत्याही गल्लीत दुपारी या. आई उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. पाने भिजवलेली, कापलेली, तंबाखू सुपात. दिवसाला हजार विड्या झाल्या तर मजुरी पूर्ण पडते, त्यातही छाट निघाली तर तेवढी कापली जाते. सात-आठ महिन्यांचे मूल शेजारी रांगत असते. ते रडले की आईच्या हाताशी जे असेल ते त्याला मिळते : चहात बुडवलेली खारी, बटर, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातला पाच रुपयांचा पुडा. आई आळशी नाही आणि निष्काळजीही नाही. तिचे दोन्ही हात तंबाखूने माखलेले आहेत आणि उठून हात धुऊन भरवायला बसले तर अर्ध्या तासाच्या विड्या जातात.

सहा महिने पुरे झाल्यावर आईचे दूध चालू ठेवावेच लागते, पण तेवढ्यावर बाळाचे भागत नाही. तेव्हापासून दोन वर्षांपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. उंचीची जी वाढ या काळात हुकते ती पुढे भरून निघणे फार कठीण असते. आमच्याकडे याच काळात बाळाला पातळ पेज देतात, डाळीचे वरचे पाणी देतात. ते पचायला हलके असते असा समज आहे, आणि तो प्रेमापोटीच आलेला आहे. पण बाळाचे पोट लहान. पाण्याने भरले की त्यात अन्नाला जागा राहत नाही. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतके घट्ट खाणे, त्यात चमचाभर तेल किंवा शेंगांचे कूट, कुस्करलेले अंडे किंवा घोटलेली डाळ, आठव्या महिन्यापर्यंत दिवसातून दोन-तीनदा आणि नंतर तीन-चारदा : एवढा बदल रेशनच्या तांदळात आणि घरच्या डब्यात होतो. खानापूरकडे नाचणी आहे, निपाणी-चिकोडीकडे जोंधळा आणि शेंगा आहेत, हुलग्याचे माडगे आमच्या आज्या करतच होत्या. हे अन्न परके नाही. ते बाळाच्या वाटीत किती घट्ट जावे, एवढेच कोणीतरी चुलीजवळ बसून दाखवावे लागते.

रक्तवाढीच्या गोळ्यांचेही तेच. गोळ्या मिळतात. काही जणी त्या चहाबरोबर घेतात, आणि चहा लोह शरीरात जाऊ देत नाही. काहींना मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून त्या बंद करतात. पोटातले बाळ फार मोठे होईल आणि बाळंतपण अडेल, अशी भीती सासू घालते. गोळी जेवणानंतर, चहा टाळून, वर लिंबू किंवा आवळा, आणि शौच काळे होण्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे पाच मिनिटांचे बोलणे आहे. पण ते सुनेशी आणि सासूशी दोघींशी व्हावे लागते, एकदा होऊन भागत नाही, आणि विश्वासाच्या माणसाने करावे लागते. गरोदरपणी मशेरी लावण्याने बाळाचे जन्मवजन घटते, हेही याच बोलण्यात यायला हवे. तंबाखूवर जगणाऱ्या आमच्या भागात हा विषय काढणे किती अवघड आहे, हे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला कळणार नाही.

हे बोलणे आज कोण करते? अंगणवाडी सेविका. केंद्राने 2018 मध्ये ठरवलेले तिचे मानधन 4,500 रुपये, राज्य त्यात भर घालते. तिच्याकडे मुले सांभाळणे, स्वयंपाकावर देखरेख, वजन-उंची, पोषण ट्रॅकरची माहिती, घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणे आणि वर निवडणुकीची कामे आहेत. आशाताईला लहान बाळाच्या घरी तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत पाच भेटींचे प्रत्येकी 50 रुपये मिळतात. आणि खास शिकवणुकीसाठी काय, तर पोषण अभियानाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अंगणवाडीत महिन्याला दोन समुदाय-कार्यक्रम, दर कार्यक्रमाला 250 रुपये. अडीचशे रुपयांत पन्नास बायकांसमोर नाचणीची खीर करून दाखवायची की बॅनर छापायचा, हा निर्णय सेविकेने घ्यायचा असतो. बॅनरचा फोटो वर पाठवावा लागतो, म्हणून बहुतेक वेळा बॅनर होतो.

याच्या तुलनेत पाहा. केंद्राने 2017 मध्ये ठरवलेल्या दराने एका मुलाच्या पूरक आहारावर रोज 8 रुपये, म्हणजे 300 दिवसांचे 2,400 रुपये खर्च होतात. चाळीस मुलांच्या अंगणवाडीत ते 96,000 होतात. तेवढ्याच अंगणवाडीत शिकवण्यावर वर्षाला 6,000. घरी नेलेला आहार घरातल्या सगळ्यांत वाटला जातो आणि ज्याच्यासाठी आला त्याच्या वाट्याला दोन घास येतात, ही गळती थांबवण्याचा खर्च आहे तो हा.

शिकवल्याने फरक पडतो का, याची उदाहरणे जवळच आहेत. महाराष्ट्राने 2005 मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केले आणि पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळावर लक्ष ठेवले. 2012 च्या सर्वेक्षणात त्या राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमधले खुरटेपण 2005-06 च्या मानाने मोठ्या प्रमाणात उतरलेले दिसले. श्रेय एकट्या मिशनचे नाही, पण यंत्रणेचे लक्ष योग्य वयावर आणण्याचे काम त्याने केले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात बाळाला छातीशी कसे धरावे, सहाव्या महिन्यानंतर काय भरवावे याचे मराठी दृक्-श्राव्य पाठ तयार आहेत. वापरायला परवानगी आणि एक मोबाईल पुरे.

आणि बेळगावचे उदाहरण तर जगापुढे आहे. ‘विमेन फर्स्ट’ नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास ग्वाटेमाला, काँगो, पाकिस्तान आणि भारतात झाला. भारतातले ठिकाण बेळगाव होते आणि इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधक त्यात होते. गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी किंवा पहिल्या तिमाहीच्या अखेरीस आईला पूरक पोषण सुरू केले तर जन्मणाऱ्या बाळाची लांबी-वजन सुधारते, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष. या ज्ञानासाठी आमच्या भागातल्या बायकांनी आपली शरीरे आणि आपला वेळ दिला. त्याच जिल्ह्यातल्या नव्या सुनेला गर्भ राहण्याआधी काय खावे हे प्रत्यक्ष येऊन सांगणारी सरकारी व्यवस्था आम्हाला दिसत नाही. हे आम्हाला अन्याय्य वाटते.

अमेरिकेतून एक इशारा घेण्यासारखा आहे. तिथे सरकारी अन्नमदत घेणाऱ्या घरांसाठी 1992 पासून स्नॅप-एड नावाचा पोषणशिक्षणाचा कार्यक्रम होता. 2025 च्या कायद्याने त्याचा निधी बंद झाला. अन्नमदत कापली गेली, तरी ती उरली. शिकवणे पुरते गेले. तिथलाच 1969 पासूनचा दुसरा कार्यक्रम मात्र चालू आहे. त्यात शिकवणाऱ्या स्त्रिया त्याच वस्त्यांतून निवडून, पगार देऊन नेमल्या जातात. अन्नाच्या योजनेला शेपूट म्हणून जोडलेले शिक्षण पहिल्या कपातीत तुटते, म्हणून आम्ही स्वतंत्र शीर्षाचा आग्रह धरतो.

भाषेबद्दल स्पष्ट बोलतो. हा भाग कोणत्या राज्याचा, हा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल या पत्रात आम्ही काहीही मागत नाही. निकाल लागेपर्यंत सहा महिन्यांचे बाळ थांबणार नाही. जिथे घरात मराठी बोलतात तिथे मराठीत, कन्नड बोलतात तिथे कन्नडात, निपाणी शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत उर्दूत शिकवावे. आमच्या संघटनेत कन्नड बोलणाऱ्या भगिनी आहेत आणि हा मजकूर त्यांना मान्य आहे. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा अधिक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व देशपातळीवर मान्य झालेले आहे. बाळाला काय भरवावे याहून महत्त्वाची सूचना कोणती असेल?

या सगळ्यावरून आमच्या मागण्या अशा.

पहिली मागणी निधीची. राज्याच्या अर्थसंकल्पात महिला व बालविकास खात्याखाली पोषणशिक्षणाचे स्वतंत्र शीर्ष उघडावे. प्रत्येक अंगणवाडीमागे वर्षाला किमान 18,000 रुपये द्यावेत. हिशोब असा : आठवड्याला एकदा प्रत्यक्ष स्वयंपाक करून दाखवणे, दर वेळी 300 रुपयांचे सामान, वर्षाचे 48 आठवडे, एकूण 14,400, उरलेले 3,600 गॅस, भांडी आणि छपाईला. करून दाखवलेले तिथेच आया-मुलांनी खावे. हा पैसा बॅनर, सत्कार, व्यासपीठ यांवर खर्च करायला मनाई असावी, आणि वर्षअखेर उरला तर त्याच अंगणवाडीच्या नावे पुढे जावा.

दुसरी मागणी शिकवणाऱ्यांची. दर तीन अंगणवाड्यांमागे एक पोषण शिक्षिका, त्याच गावची किंवा गल्लीची, अर्धवेळ, महिना किमान 8,000 रुपये. शिक्षणाची अट ठेवू नये. घरची भाषा येणे, स्वतः मुले वाढवलेली असणे आणि दोन आठवड्यांचे प्रशिक्षण पुरे करणे या अटी पुरेत. विडी कामगार, देवदासी पुनर्वसनातल्या स्त्रिया आणि विधवा यांना प्राधान्य द्यावे. ही कामे सेविका आणि आशांच्या माथी मारू नयेत. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांनी 1980 च्या सुमारास स्वतःची संघटना उभी केली आणि 1982 मध्ये युगांतर गटाने त्यांच्यावर चित्रपट केला. त्या बायकांच्या मुली-नाती शिकवू शकणार नाहीत असे कोणी म्हणू नये.

तिसरी, वेळ आणि जागेची. विडी कामगार बाई दुपारी अंगणवाडीत येऊ शकत नाही. मातृपूर्णचे जेवणसुद्धा कामाचे दोन तास मोडून घ्यावे लागते म्हणून कित्येक जणी सोडून देतात. म्हणून पाने-तंबाखू घ्यायला आणि तयार विड्या द्यायला बायका जिथे जमतात त्या विडी शाखांवर, संध्याकाळी गल्लीत, हंगामात वखारीच्या जेवणाच्या सुट्टीत वर्ग घ्यावेत. कारखानदारांनी त्यासाठी जागा द्यावी असा आदेश कामगार खात्याने काढावा. 1966 च्या विडी कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण घरी विडी वळणारी तिच्यातून सुटली. रोजगार हमीच्या मजूर स्त्रियांसाठी राज्याने सुरू केलेली ‘कूसिन मने’ पाळणाघरे विडी आणि वखारीच्या कामगारांच्या मुलांनाही खुली करावीत. शिकवलेले अमलात आणायला आईचे हात मोकळे लागतात.

चौथी : सर्व साहित्य मराठी, कन्नड आणि उर्दूत. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाकडून तयार मराठी साहित्य मागवून घ्यावे. भाषांतरासाठी वर्षे घालवू नयेत.

पाचवी : किशोरी आणि नवविवाहितांना, गर्भ राहण्याची वाट न पाहता, या शिक्षणात आणि रक्ततपासणीत घ्यावे. सासवा आणि नवरे यांच्यासाठी महिन्यातून एक बैठक असावी.

सहावी : पाकिटबंद खाऊ, पावडर किंवा बाळअन्न विकणाऱ्या कोणत्याही कंपनीचे प्रायोजकत्व, नमुने वा साहित्य या कार्यक्रमात घेऊ नये. 1992 चा बाळअन्न कायदा याच कारणासाठी आहे.

सातवी मागणी केंद्राकडे पोहोचवण्याची. 1976 च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून तो पैसा कामगारांच्या कल्याणासाठी बांधून ठेवला होता. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, विडीवर 28 टक्के कर लागला आणि उपकर रद्द झाला. त्या दिवसापासून आमच्या कल्याणाचा पैसा दरवर्षीच्या तरतुदीवर लटकतो. विडीच्या करातला ठरावीक वाटा विडी कामगारांच्या आरोग्य आणि पोषणशिक्षणाला कायद्याने बांधून द्यावा, असा ठराव राज्य विधिमंडळाने करून केंद्राला पाठवावा.

आठवी : तालुकावार वजन-उंची आणि रक्ताचे आकडे दर सहा महिन्यांनी ग्रामपंचायत व नगरपालिकेच्या फलकावर, घरच्या भाषेत लावावेत. अन्न सुरक्षा कायद्याच्या 28 व्या कलमाप्रमाणे सामाजिक अंकेक्षण होते. त्यात शिकवण्यावरचा खर्चही तपासावा आणि तपासणाऱ्यांत निम्म्या लाभार्थी स्त्रिया असाव्यात.

सगळ्या राज्यात एकदम करणे शक्य नसेल तर निपाणी आणि खानापूर हे दोन तालुके पहिल्या वर्षी घ्यावेत. एक तंबाखू-विडीचा, दुसरा जंगल-भातशेतीचा; दोन्हींकडचे अनुभव पुढे उपयोगी पडतील. शिकवायला तयार असलेल्या स्त्रियांची यादी, वर्गासाठी गल्लीतल्या जागा आणि सामान आणण्याची जबाबदारी आमची संघटना घेईल. त्याचे लेखी हमीपत्र आम्ही सोबत देत आहोत.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा संबंधित मंत्र्यांनी आमच्या शिष्टमंडळाला अर्धा तास द्यावा. येत्या अर्थसंकल्पाआधी प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही, आणि नाही असल्यास कारण, असे लेखी उत्तर मिळावे. ते मिळाले नाही तर अर्थसंकल्प मांडला जाईल त्या दिवशी आम्ही मुलांसह निपाणी तहसील कार्यालयासमोर चुली मांडू आणि अडीचशे रुपयांत किती मुलांना पुरेसा आहार करून दाखवता येतो ते सर्वांसमोर मोजू.

आपल्या,
संघटनेच्या वतीने, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव व खानापूर तालुक्यांच्या प्रतिनिधी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : खासदार, चिकोडी व बेळगाव, सीमाभागातील सर्व आमदार, उपसंचालक, महिला व बालविकास, बेळगाव, तहसीलदार, निपाणी व खानापूर.